नवीन कामगार रुजू करून घेताना कोणते कागद पाहावेत आणि कोणते भरावेत? (सोलापूर, टॉवेल कारखाना)

प्रश्न : दुसरी पिढी, अक्कलकोट रोड

सर्वांना नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बावीस वर्षे तो वडिलांनी सांभाळला आणि गेल्या दिवाळीपासून कार्यालयाचे काम माझ्याकडे आले. सध्या पटावर १७ कामगार आहेत. पुढच्या महिन्यात नवे माग बसत असल्यामुळे आणखी सहा माणसे घ्यावी लागणार आहेत, म्हणजे संख्या २३ वर जाईल. कामगार विमा योजनेत आम्ही आधीपासून आहोत, पण भविष्य निर्वाह निधी आम्हाला आता प्रथमच लागू होईल असे दिसते.

वडिलांची पद्धत सोपी होती. जॉबरने, म्हणजे मागांवरच्या मुकादमाने, ओळखीचा माणूस आणला की त्याचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक वहीत लिहायचा, आधारची झेरॉक्स त्याच पानाला टाचायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला मागावर उभे करायचे. बाकीचे कागद पगाराच्या वेळी बघू, असे ठरलेले असे. ती फाइल मी परवा पहिल्यांदा नीट उघडली, तेव्हा १७ पैकी चार झेरॉक्सवरचा क्रमांकच वाचता येत नव्हता, एकाची फक्त शिधापत्रिका होती आणि एका बाईंच्या पानाला त्यांच्या जावेचे आधार टाचलेले होते. ही माणसे आमच्याकडे दहा-दहा वर्षे काम करत आहेत आणि त्यांच्याविषयी आमच्याकडे एवढीच नोंद आहे, याचे मला फार वाईट वाटले.

माझा मावसभाऊ अमेरिकेत नोकरी करतो. तिथे प्रत्येक नव्या माणसासाठी आय-नाइन नावाचा अर्ज भरावा लागतो आणि तो रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत मालकाला मूळ कागद तपासून त्यावर सही करावी लागते, असे त्याने सांगितले. माणूस काम करण्यास पात्र आहे हे सिद्ध करणारा असा एखादा अर्ज किंवा दाखला आपल्याकडे आहे का?

येणाऱ्या सहा जणांपैकी चौघांबाबत मला अडचण आहे. एका मुलाच्या आधारवर १ जानेवारी २००७ ही जन्मतारीख आहे, पण तो दिसायला फारच लहान वाटतो. वायंडिंगसाठी (सूत गुंडाळण्याच्या कामासाठी) येणाऱ्या एका बाईंचे आधार माहेरच्या नावाने आणि बँक खाते सासरच्या नावाने आहे. एक विणकर मूळचा कलबुर्गीचा असून आधी भिवंडीत होता. तिथे निधी कापला जात होता असे तो म्हणतो, पण त्याच्याजवळ कसलाच क्रमांक नाही. रात्रपाळीसाठी ठेवायचा रखवालदार नेपाळचा नागरिक आहे. कृपया अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : कामगार कायदा सल्लागार, सोलापूर

ताई, आधी आपल्या मुख्य प्रश्नाविषयी लिहितो. भारतीय नागरिकाला आपल्या देशात नोकरी करण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे अमेरिकेसारखा एकच अर्ज आपल्याकडे नाही. मालकाला मुख्यतः दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते. समोरचा माणूस जे नाव सांगतो तोच आहे ना, आणि त्याचे वय पुरेसे आहे ना. बाकीचे बहुतेक कागद त्याची पात्रता तपासण्यासाठी नसून त्याचा हक्क नोंदवण्यासाठी असतात. हा फरक डोक्यात पक्का असला की कोणता कागद कशासाठी मागायचा, हे आपोआप कळते.

वयाच्या बाबतीत आधारवर विसंबू नका. ज्याला जन्मतारीख ठाऊक नसते आणि जो फक्त साल सांगतो, त्याच्या आधारवर बहुधा १ जानेवारी हीच तारीख पडते, म्हणून आपल्या त्या मुलाच्या बाबतीत शंका घेणे योग्यच आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात, वय ठरवण्यासाठी आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. वयाचा वाद उभा राहिल्यास अल्पवयीन न्याय कायदा २०१५ मधील कलम ९४ चा क्रम धरावा. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहायचा, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणीकडे जायचे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही उद्योगात कामावर ठेवता येत नाही. त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १४ ते १८ या वयोगटाला धोक्याच्या कामांची बंदी आहे. वयानुसार कोणते काम चालते आणि कोणते नाही याचा कीस काढत बसण्यापेक्षा, मागावर १८ पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही उभे करायचे नाही, हा नियम माझ्या सर्व पक्षकारांना मी घालून दिलेला आहे.

रखवालदाराविषयी. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार नेपाळच्या नागरिकाला इथे काम करण्यासाठी व्हिसा किंवा कामाचा परवाना लागत नाही. त्याचे नेपाळी पारपत्र किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र पाहून प्रत ठेवावी. निधीच्या नोंदीतही त्याला भारतीय कामगारासारखेच धरतात. अन्य देशांच्या नागरिकांचे नियम पूर्णपणे वेगळे आहेत, पण आपला त्यांच्याशी संबंध येत नसल्याने तो विषय इथे वाढवत नाही.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहितो. कागद पहिल्या पाळीच्या आधी पूर्ण झाले पाहिजेत. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात नव्या विणकराची दोन बोटे रुजू झाल्याच्या तिसऱ्या रात्री मागात सापडली. त्याचा विम्याच्या घोषणापत्राचा कागद भरलेला होता, पण तो कारकुनाच्या खणात होता. मी सकाळी पोहोचलो तेव्हा त्या मुलाची बायको हातात त्याची चप्पल घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसलेली होती, आणि आत हजेरीपटावर त्याचे नाव पेन्सिलीने लिहावे की शाईने, यावर चर्चा चालली होती. कामावर झालेल्या इजेसाठी विमा योजनेत किती दिवस वर्गणी भरली याची अटच नाही. पहिल्या दिवसापासून हक्क आहे आणि कामावर येता येत नाही तोवर सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. परंतु नियुक्तिपत्र नव्हते आणि हजेरीची नोंद नंतरची होती, त्यामुळे तो त्या रात्री खरोखर कामगार होता हेच सिद्ध करण्यात कित्येक महिने गेले. म्हणून विम्याची नोंद करून विमाधारकाच्या ओळखपत्राची, म्हणजे ई-पहचान पत्राची, छापील प्रत हातात दिल्याशिवाय माणूस मागाजवळ जाता कामा नये.

विम्यासाठी महिना २१ हजार रुपयांपर्यंतच्या वेतनाची मर्यादा आहे. कामगाराकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. मजुरी नगावर असली तरी विमा आणि निधी या दोन्ही योजना लागू होतात, हे आपल्या भागात पुष्कळांना ठाऊक नसते. कलबुर्गीच्या विणकराचे कुटुंब गावीच राहत असेल तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना निवडता येतो. कलबुर्गीत विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तेव्हा अर्ज भरताना त्याला हे आवर्जून विचारा.

नियुक्तिपत्राबाबत पूर्वी छोट्या कारखान्यांत चालढकल चालत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या असून कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. पत्रात पद, रुजू होण्याची तारीख, मजुरीचा दर, पाळी आणि सुट्टी एवढे तरी स्पष्ट असावे. ते मराठीत लिहा, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला तेलुगूत किंवा कानडीत समजावून सांगा.

उत्तर २ : लेखापाल, गणवेश शिवणारा कारखाना

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी रोज प्रत्यक्ष नोंदी करतो, म्हणून निधीच्या बाजूची माहिती देतो.

निधी २० कामगारांपासून लागू होतो, आणि हा आकडा मोजताना ठेकेदाराची माणसेही धरली जातात. एकदा निधी लागू झाला की पुढे संख्या घटली तरी तो बंद होत नाही. कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के जातात. मालकाच्या हिश्शातून ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत वळते होतात आणि त्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये धरली जाते. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असते.

माणूस आला की पहिल्यांदा फॉर्म ११ भरून घ्या, कारण पूर्वी निधीचा सभासद होतात का, हा प्रश्न त्यातच विचारलेला असतो. भिवंडीच्या विणकराला घाईघाईने नवा यूएएन (निधीच्या सभासदाचा कायमचा क्रमांक) मुळीच काढू नका. त्याचा जुना क्रमांक आधार आणि मोबाइलच्या आधारे संघटनेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. तो सापडला की बहुधा दुसरी अडचण निघते, ती म्हणजे आधीच्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले असतील तर ती तारीख कामगार स्वतःच्या खात्यातून स्वतः नोंदवू शकतो. हे त्याला आपल्या कार्यालयात बसवून करून द्या, कारण त्याच्या जुन्या सेवेची वर्षे जोडली जाण्यावरच पुढचे निवृत्तिवेतन अवलंबून असते.

ज्यांचा यूएएन प्रथमच निघणार आहे, त्यांच्यासाठी १ ऑगस्ट २०२५ पासून पद्धत बदललेली आहे. उमंग ॲपवर कामगाराचा चेहरा पडताळून क्रमांक निघतो आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना यातून सूट असल्यामुळे आपल्या रखवालदाराची नोंद मालकाच्या खात्यातून करता येईल. आमच्याकडे दर खेपेला निम्म्या बायकांचा आधारला जोडलेला क्रमांक बंद पडलेला, नाहीतर नवऱ्याचा निघतो. म्हणून निवड झाली त्याच दिवशी मी प्रत्येकीला एकच गोष्ट विचारतो, की आधारचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? उत्तर समाधानकारक नसेल तर रुजू होण्याआधी तिला आधार केंद्रावर पाठवतो.

नावाच्या घोळाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सोलापूरच्या पूर्वभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो भेटतोच. आपल्याकडच्या तेलुगू भाषक कुटुंबांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची रीत आहे, मराठी कारकून मात्र ते शेवटी नेतो, आणि बँकेत त्याचे केवळ आद्याक्षर उरते. दाखल्यावर लक्ष्मव्वा, आधारवर लक्ष्मीबाई आणि खात्यावर नुसती लक्ष्मी, अशी एकाच बाईची तीन नावे मी पाहिलेली आहेत. आधारवर जसे आहे तसेच अक्षरन् अक्षर यूएएनमध्ये गेले पाहिजे. आपल्या वायंडिंगच्या बाईंनी सासरचे नाव ठेवायचे ठरवले असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र देऊन आधी आधार दुरुस्त करावे आणि मग यूएएन काढावा. माहेरचेच नाव ठेवायचे असेल तर त्या नावाने नवे बँक खाते उघडणे सर्वांत सोपे आहे. कोणते नाव ठेवायचे हे मात्र त्यांनी ठरवावे, आपल्या सोयीसाठी आपण ठरवू नये.

व्यवसाय कराचीही आठवण ठेवा. महाराष्ट्रात महिना २५ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. पुरुषांना ७,५०० रुपयांच्या पुढे १७५ रुपये आणि १० हजारांच्या पुढे २०० रुपये लागतात, फेब्रुवारीत ३००. आणखी एक फायद्याची गोष्ट अशी की १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्यांसाठी केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आहे. निधीत प्रथमच नाव नोंदवणाऱ्या कामगाराला तिच्यातून दोन हप्त्यांत १५ हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात. मालकालाही दरमहा प्रोत्साहन आहे, पण ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी किमान दोन माणसे जादा घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. नोंदी चुकल्या तर हे काहीच हाती लागत नाही.

उत्तर ३ : कांडीवालीची मुलगी

मी या विषयातील जाणकार नाही, पण माझ्या आईने एकोणीस वर्षे एका कारखान्यात कांड्या (मागासाठी सुताच्या लहान रिळी) भरल्या, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

आईच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळी जन्मतारीख होती. रुजू होताना कारकुनाने दाखला मागितलाच नाही. त्याने "बाई, वय किती?" असे विचारले, आईने अंदाजाने सांगितले, आणि त्याने १ जून ही तारीख धरून साल मागे मोजून लिहिले. आपल्याकडे पूर्वी गुरुजी शाळेत नाव घालताना बहुतेक मुलांची जन्मतारीख १ जून लिहीत, तीच सवय इथेही लागली असावी. निधीचे निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते, आणि कागदावर आई खऱ्या वयापेक्षा चार वर्षांनी लहान होती. तिच्या डोळ्यांना सुताचा धागा दिसेनासा झाला तेव्हा तिची ५८ वर्षे पूर्ण झालेली होती, पण कागदावर नव्हती. ती दुरुस्ती करून घेण्यासाठी आम्ही कितीतरी फेऱ्या घातल्या. प्रत्येक वेळी आई नऊवारीच्या ओच्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला काढायची, साहेबांपुढे ठेवायची आणि पुन्हा तशीच घडी घालून ठेवायची. घड्यांवर तो कागद फाटला, तेव्हा आम्ही त्याला मागून पातळ कागद चिकटवला.

त्यात नामनिर्देशनाच्या रकान्यात आईच्या आईचे, म्हणजे माझ्या आजीचे नाव होते. आजीला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. लग्नानंतर आईला ते बदलायला कोणी सांगितलेच नाही.

ताई, आपण फाइल उघडून पाहिली आणि आपल्याला वाईट वाटले, हे वाचून मला खरोखर बरे वाटले. माझी एकच विनंती आहे. नव्या सहा जणांबरोबर जुन्या सतरा जणांचेही कागद पुन्हा एकदा त्यांच्यासमोर वाचा. तारीख, नाव आणि वारस मोठ्याने वाचून दाखवा. आईला कोणी एकदा वाचून दाखवले असते, तर तिने तिथल्या तिथे चूक सांगितली असती.

प्रश्नकर्ता : दुसरी पिढी, अक्कलकोट रोड

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "रविवारी सगळ्यांना बोलाव." त्याप्रमाणे सतराही जणांना दाखले घेऊन बोलावले आणि पाच ठिकाणी जन्मतारीख व सात ठिकाणी वारसाचे नाव चुकलेले सापडले. त्यांची यादी केली आहे.

त्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काल आला. त्यावर १२ ऑगस्ट २००९ ही तारीख आहे, म्हणजे अजून १७ सुद्धा पूर्ण नाहीत. जॉबर म्हणतो की आधारवर १९ वर्षे दिसत आहेत, मग आपल्याला काय भीती? घरी तो एकटाच कमावणारा आहे, असेही तो सांगतो. मुलाला नाही म्हणताना मला फार जड जात आहे. शिवाय जॉबरने सुचवले की उचल दिलेल्या माणसांचे मूळ दाखले आपल्याकडेच ठेवून घ्यावेत, म्हणजे ती पळून जाणार नाहीत. हे चालते का?

उत्तर ४ : कामगार कायदा सल्लागार, सोलापूर

मूळ कागद ठेवून घेणे अजिबात चालत नाही. उचल आणि अडकवलेला दाखला एकत्र आले की माणसाची काम सोडण्याची मोकळीकच जाते, आणि १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा रोख नेमका अशाच व्यवहारांवर आहे. मूळ कागद पाहायचा, प्रत काढायची, प्रतीवर "फक्त नोकरीच्या नोंदीसाठी" असे लिहून त्याची सही आणि तारीख घ्यायची, आणि मूळ कागद त्याच क्षणी परत करायचा. आधारची प्रत शक्यतो शेवटचे चारच अंक दिसतील अशी घ्यावी आणि फाइल कुलपात ठेवावी. पॅकिंगच्या टेबलावर चहाच्या पेल्याखाली लोकांची आधार पत्रे पडलेली मी पाहिलेली आहेत. तसे आपल्याकडे होऊ देऊ नका.

मुलाच्या बाबतीत, दाखला डोळ्यांनी पाहिल्यानंतर आधारकडे बोट दाखवता येणार नाही. त्याला मागावर घेऊ नका, आणि मदतनीस म्हणूनही घेऊ नका, कारण आपल्या कारखान्यात मदतनीस आणि मागावरचा माणूस यांत पाळी संपेपर्यंत फरक उरत नाही, हे आपण दोघेही जाणतो. त्याच्या आई-वडिलांना बोलावून समोर बसवून सांगा. तो दहावी झालेला असेल तर शासकीय आयटीआयच्या प्रवेशाची माहिती काढून द्या. तिथे चौदाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो आणि शिकून आला तर तो आपल्यालाच उपयोगी पडेल. घरातील कोणी मोठी व्यक्ती, आई किंवा मावशी, काम करण्यास तयार असेल तर वायंडिंगच्या जागेसाठी तिचा विचार करता येईल. तो चौकशीला आला होता, दाखला पाहिला आणि वय कमी असल्याने घेतले नाही, एवढी नोंद तारखेसह वहीत ठेवा.

चुकलेल्या पाच जन्मतारखांपैकी ज्यांच्या विम्याच्या नोंदीत चूक आहे, त्या आधी दुरुस्त करून घ्या. निधीची नोंदणी अजून व्हायची आहे, त्यामुळे तिथे सुरुवातच बरोबर तारखेने होईल. मंगळवारी दुपारनंतर मी मोकळा आहे. यादी आणि दाखल्यांच्या प्रती घेऊन या, आणि शक्य झाल्यास वडिलांनाही बरोबर आणा, कारण जुन्या कामगारांच्या रुजू होण्याच्या खऱ्या तारखा त्यांनाच आठवत असतील.